घोड्यावर 5 टक्के, पैजेवर 40 टक्के : रेसच्या घोड्याभोवतीचं करिअर सुप्यातून कसं दिसतं?

22 सप्टेंबर 2025 पासून जिवंत घोड्याच्या खरेदीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याच दिवसापासून त्याच घोड्यावर रेसकोर्सवर लावलेल्या पैजेचा कर मात्र 28 वरून 40 टक्के झाला. घोडा स्वस्त आणि घोड्याची शर्यत महाग, असा हा उफराटा हिशोब आहे. घोड्यांच्या धंद्यात नोकरी शोधणाऱ्या कुणीही आधी तो समजून घ्यायला हवा. कारण या धंद्यातला जवळजवळ प्रत्येक पगार, अगदी रात्री घोडीजवळ जागणाऱ्या मोतद्दाराचाही, शेवटी रेसकोर्सच्या खिडकीवरच्या पैशाशी बांधलेला आहे.

बारामती तालुक्यातल्या सुप्यासारख्या गावात हा विषय लांबचा वाटू शकतो. महालक्ष्मी, डर्बी, टोप्या घातलेल्या मेमसाहेब हे सगळं मुंबईचं. प्रत्यक्षात भारतातल्या थरोब्रेड घोड्यांच्या पैदाशीचं एक मोठं केंद्र पुणे जिल्हाच आहे. पूनावाला स्टड, मांजरी स्टड, येरवडा स्टड, मावळातला नानोली स्टड ही नावं देशभरच्या रेसकार्डांवर छापली जातात. पुण्याचं रेसकोर्स चौफुल्यामार्गे सुप्यापासून साधारण 70 किलोमीटरवर आहे. पुण्यात रेसचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर चालतो, मग घोडे मुंबईला जातात.

सुप्याचा आणि घोड्याचा संबंध काय?

संबंध जुना आहे. पुणे आणि सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. ब्रिटिश काळात हाच मुलूख भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई आणि सुपे त्यातच मोडे. भीमथडी म्हटलं की आज पुणेकरांना जत्रा आणि थालीपीठ आठवतं, पण मूळ भीमथडी म्हणजे भीमेचा काठ आणि त्या काठावरचं काटक, बुटकं, कमी चाऱ्यावर मैलोन् मैल चालणारं तट्टू. मराठ्यांच्या घोडदळाची पळापळ या तट्टांच्या पाठीवर झाली.

त्या घोडदळात नोकऱ्यांची विभागणी किती काटेकोर होती, हे सभासद बखरीत दिसतं. दर 25 घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा मिळणारा तो बारगीर. मालकी एकाची आणि मेहनत दुसऱ्याची, ही आजच्या रेसिंगमधली रचना आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच ओळखीची होती. शिरूर तालुक्यातल्या एका गावाचं नाव अजूनही आलेगाव पागा आहे.

आज या भागात घोडा दिसतो तो तीन ठिकाणी. आषाढीत तुकोबारायांच्या पालखीच्या रिंगणात, म्हणजे बेलवाडीला आणि इंदापूरला. नवरदेवाच्या वरातीत. आणि दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडणाऱ्या धनगरांच्या वाड्यासोबत, पाठीवर भांडीकुंडी, कोकरं आणि कधी लेकरूही घेऊन चालणारं तट्टू. शेवटचं सोडलं तर घोड्याला इथे कुणी रोजगाराचं साधन मानत नाही.

रेसचा घोडा 'तयार' कसा होतो?

थरोब्रेड ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची नरवंशाची रेषा तीनच घोड्यांपैकी एकाकडे जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. 1791 मध्ये जेम्स वेदरबी यांनी वंशावळीचं पुस्तक, म्हणजे जनरल स्टड बुक, छापलं आणि तिथून ही जात कागदावर बंद झाली. आई आणि बाप दोघंही पुस्तकात असतील तरच शिंगरू थरोब्रेड. एरवी ते कितीही पळो, रेसकोर्सवर त्याला जागा नाही.

भारतात हे पुस्तक स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते आणि तिचं कार्यालय पुण्यातच आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या अखत्यारीतली ही संस्था. शिंगरू जन्मलं की त्याच्या अंगावरच्या खुणा, भोवरे, पायांचे पांढरे मोजे सगळं चित्रावर नोंदवलं जातं. मानेत मायक्रोचिप बसते. डीएनए तपासून आईबाप खरेच तेच आहेत ना, हे पाहिलं जातं. मग पासपोर्ट. नावसुद्धा मनाला येईल ते ठेवता येत नाही. इंग्रजीत 18 अक्षरांच्या आत, मधली मोकळी जागा धरून, ते बसवावं लागतं. एकूण काय, आधार कार्डापेक्षा कडक प्रकरण.

या धंद्यात आणखी एक नियम आहे, जो बाहेरच्यांना चक्रावून टाकतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. गावातल्या दूध संघाचा डॉक्टर मोटारसायकलवर रेतनाची कांडी घेऊन येतो, तसं इथे नाही. घोडी आणि नर प्रत्यक्ष एकत्र यावे लागतात, आणि हा नियम जगभर आहे. म्हणून चांगल्या नराची किंमत आकाशाला भिडते. एका हंगामात तो किती घोड्या भरवू शकतो याला मर्यादा आहे आणि त्याची कांडी फ्रीझरमध्ये ठेवून विकता येत नाही.

आता कॅलेंडर बघा. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू पुढच्या 1 जानेवारीला एकाच वयाचे. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत चार महिन्यांचा फरक फार मोठा असतो, म्हणून प्रत्येक स्टडला शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला हवं असतं. पण चुकून डिसेंबरअखेरीस जन्मलं, तर दोन दिवसांचं असतानाच ते कागदावर एक वर्षाचं होतं.

घोडीची गाभण अवस्था साधारण 340 दिवसांची. वर्ष 365 दिवसांचं. म्हणजे दरवर्षी त्याच सुमारास शिंगरू हवं असेल, तर व्यालेली घोडी पुढच्या 25 दिवसांत पुन्हा गाभण राहिली पाहिजे. विल्यानंतर आठवडा-दीड आठवड्यात घोडी पहिल्यांदा माजावर येते, तेवढीच सोयीची संधी. शिवाय घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते. म्हणून जगभरचे स्टड हिवाळ्यात तबेल्यात दिवे लावून 'दिवस' 16 तासांचा करतात. स्टड मॅनेजरचं निम्मं काम या 25 दिवसांच्या गणितात जातं.

मग नोकऱ्या नेमक्या कुठे आहेत?

घोड्यावर बसणं हे या धंद्यातलं सगळ्यात दिसणारं काम आणि सगळ्यात कमी जागांचं. जॉकीचं वजन 50 किलोच्या आसपास लागतं, शाळकरी वयातच अॅप्रेंटिस म्हणून सुरुवात करावी लागते आणि हाडं मोडण्याची तयारी ठेवावी लागते. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे या मराठी नावांनी एकेकाळी महालक्ष्मी गाजवली. पण बारावीनंतर विचार सुरू करणाऱ्या, 70 किलोच्या मुलासाठी हा रस्ता बंदच समजा.

खरी भरती जमिनीवर असते. मोतद्दार किंवा सईस हा घोड्याचा रोजचा माणूस: खरारा, चंदी, पाणी, ठाणाची सफाई, पायावरून हात फिरवून कुठे गरम लागतंय का ते पाहणं. रेसच्या तबेल्यात त्याच्यावर जमादार. स्टड फार्मवर हाच माणूस हंगामात रात्रपाळी करतो, कारण बहुतेक घोड्या रात्रीच वितात. तिथे एक सोपा हिशोब पाठ असतो: शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला लागलं पाहिजे आणि तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. यातलं एक चुकलं की डॉक्टरला उठवायचं. चीक पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे. दिवस उलटला की शिंगराचं आतडं त्यातली रोगप्रतिकारशक्ती शोषून घेणं थांबवतं. ही नोकरी फार्मवर राहून करायची, सुट्ट्या कमी, लाथ बसण्याचा धोका रोजचा आणि पगार कामाच्या मानाने थोडा. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मात्र याच कामातून चांगले हेडमन घडतात, आणि अनुभवी माणसाला आखाती देशांतल्या तबेल्यांतूनही मागणी असते.

नालबंद हा वेगळा विषय आहे आणि सुप्याच्या मुलांनी सगळ्यात आधी बघावा असा. रेसच्या घोड्याचे नाल अॅल्युमिनियमचे, हलके असतात; ते चार-सहा आठवड्यांनी बदलावे लागतात आणि शर्यतीआधी तर बदलतातच. खूर एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त तासला गेला तर पायाचा कोन बदलतो आणि लाखोंचा घोडा लंगडतो. नालबंदीचं औपचारिक शिक्षण लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, मेरठला मिळतं. बाहेर मात्र बहुतांश कौशल्य उस्तादाकडून शागिर्दाकडे जातं. त्यामुळे चांगले नालबंद मोजके आणि वर्षभर कामात. रेस बंद असली, तरी रायडिंग स्कूल, पोलीस, लग्नाचे घोडे यांचे खूर वाढायचे थांबत नाहीत.

पशुवैद्यक हा सगळ्यात सुरक्षित रस्ता. नीट परीक्षा, मग साडेपाच वर्षांची पदवी. सुप्याला जवळचं एक सरकारी कॉलेज म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं. अभ्यासक्रमाचा भर साहजिकच गाईम्हशींवर असतो. घोड्यात मुरायचं तर पदवीनंतर एखाद्या स्टडवर किंवा क्लबच्या दवाखान्यात दोन-चार हंगाम उमेदवारी करावीच लागते. संशोधनाची आवड असणाऱ्यांसाठी हिस्सारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे.

स्टड मॅनेजर व्हायचं असेल तर परदेशातले दोन कोर्स जगभर ओळखले जातात. आयरिश नॅशनल स्टडचा सहा महिन्यांचा निवासी कोर्स जानेवारीत, ऐन विण्याच्या हंगामात सुरू होतो. वर्गापेक्षा तबेल्यात जास्त वेळ जातो. दुसरा गोडॉल्फिन फ्लाइंग स्टार्ट. दोन वर्षांचा, पाच देशांत फिरवणारा, वर्षाला साधारण डझनभरच मुलं घेणारा. शिक्षण मोफत, वर विद्यावेतन. स्पर्धा अर्थातच जगाशी.

संगणकवाल्यांसाठीही जागा आहे. क्लबची टोट यंत्रणा, फोटोफिनिश, शर्यतींचा डेटा हे सगळं तांत्रिक काम आहे. हॅन्डिकॅपर नावाचा अधिकारी तर पूर्णवेळ आकड्यांवरच जगतो: कोणत्या घोड्याने किती वजन घेऊन पळावं, म्हणजे शेवटच्या रेषेवर सगळे एकत्र पोचतील, हे तो ठरवतो. हॅन्डिकॅप शर्यतीतले सगळे घोडे एकाच वेळी पोचले, तर त्याचं गणित शंभर टक्के बरोबर.

आणि शेतकऱ्यासाठी? बागायती भागात लसूणघास पिकतोच. घोड्याला तो हवाच असतो, पण बुरशीचा एक पेंढाही चालत नाही. गाय जे पचवते ते घोड्याला पोटशूळ होऊन मारू शकतं. त्याला उलटीही करता येत नाही. स्टडला चारा पुरवायचा तर दर्जा ही पहिली अट, भाव नंतर.

मालक व्हायला किती मोठं असावं लागतं?

पहिली इंडियन डर्बी 1943 मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलने जिंकली. तेव्हा मालक म्हणजे संस्थानिक. आज भागीदारीत, सिंडिकेटमध्ये किंवा घोडा लीजवर घेऊनही मालक होता येतं. त्यासाठी क्लबकडे नोंदणी लागते, पडताळणी होते आणि जॉकीच्या अंगावरचे रंग आपल्या नावावर होतात. पण खरेदी हा खर्चाचा लहान भाग आहे. दर महिन्याला ट्रेनरची फी, खाणं, नाल, डॉक्टर, शर्यतीची प्रवेश फी चालूच राहते, घोडा पळो की आजारी पडून उभा राहो.

आयकर कायदाही या छंदाकडे संशयानेच बघतो. रेसचे घोडे पाळण्यात झालेला तोटा पगारातून किंवा दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. तो त्याच घोड्यांच्या कमाईतून वळता करायचा आणि फार तर 4 वर्षं पुढे ओढायचा. ज्याला कुणी 'घोड्यात गुंतवणूक' म्हणून योजना दाखवेल, त्याने हा नियम आधी वाचावा. घोड्याची मालकी हा बहुतेकांसाठी खर्च आहे. त्या खर्चावर पगार चालतो, तो इतरांचा.

घोडा निवृत्त झाल्यावर काय, हा प्रश्न या धंद्याने पुण्यात वेगळ्याच पद्धतीने सोडवला होता. पूनावाला स्टड 1946 मध्ये सुरू झाला. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात; घोड्याच्या रक्तातून सर्पदंश आणि धनुर्वातावरची लस तयार होते. मग हे आपणच का करू नये, असा विचार सायरस पूनावाला यांनी केला आणि 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगभर लस पोचवणारी कंपनी तबेल्यातून निघाली. सर्पदंशावरच्या लसीसाठी घोडे आजही पाळले जातात, नारायणगावच्या प्रीमियम सीरम्सकडेही. तिथेही पशुवैद्य आणि मोतद्दार लागतात, आणि त्या पगाराचा टोटच्या खिडकीशी संबंध नसतो.

40 टक्क्यांचा फटका कुणाला?

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं, त्यामुळे परवानाधारक रेसकोर्सवर पैज कायदेशीर आहे. कर मात्र तिला जुगाराच्या रांगेतच बसवतो. 1 ऑक्टोबर 2023 पासूनच्या तरतुदींनी पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के हे पक्कं केलं आणि आता ते 40 झालं. क्लबला मिळणाऱ्या कमिशनवर कर असता तर गोष्ट निराळी. इथे तो लावलेल्या रकमेवर आहे.

जुगारावर जबर कर असावा, याला बहुतेक घरांतून टाळीच मिळेल. त्यात चूक काही नाही. पण पैशाची साखळी अशी आहे: पैज कमी झाली की क्लबचं उत्पन्न घटतं, मग बक्षिसं आटतात, मालक घोडा घेताना हात आखडतो, स्टड कमी घोड्या भरवतो आणि शेवटी रात्रपाळीचा मोतद्दार कमी होतो. घोडा 5 टक्क्यांवर आल्याने ही साखळी सुटत नाही, कारण घोडा घेणाऱ्याचा हिशोब बक्षिसावर असतो. शिवाय अधिकृत खिडकी महाग झाली म्हणून सगळी पैज थांबत नाही. ती बेकायदा बुकीकडे सरकते, जिथे ना कर, ना बक्षीस, ना पगार.

त्यात मुंबईची जागाही आक्रसते आहे. महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेच्या उद्यानासाठी द्यायचे आणि 91 एकरांवर क्लबने राहायचं, असं 2024 मध्ये ठरलं. धावपट्टी राहणार आहे. तरी केवळ रेसिंगच्या भरवशावर तीस वर्षांची नोकरी आखणाऱ्याने हे सगळं लक्षात घ्यावं. नालबंदी आणि पशुवैद्यक ही कौशल्यं रेसकोर्सबाहेरही चालतात. जॉकी आणि ट्रेनरचं काम चालत नाही.

भीमथडीला यात जागा आहे का?

रेसकोर्सवर नाही. पण घोड्यांच्या धंद्यात आहे, आणि ती नवी आहे. भीमथडीला देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने नुकतीच मान्यता दिली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, स्पिती, झांस्करी, भुतिया आणि मणिपुरी यांच्यानंतर ही आठवी जात. ही मान्यता उशिरा आली, कारण घोडेच संपत चालले आहेत: 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून साधारण 3.4 लाख उरले होते, 2012 पेक्षा 45 टक्क्यांहून अधिक कमी.

मान्यता जातीला मिळते, एकेका घोड्याला नाही. थरोब्रेडची किंमत त्याच्या पळण्याइतकीच त्याच्या कागदात आहे, हे वर आलंच. मारवाडीचंही तसंच झालं. तिची सोसायटी नोंदणी करते, पासपोर्ट देते, आणि सारंगखेडा किंवा अकलूजच्या घोडेबाजारात खानदान विचारूनच भाव होतो. धनगराच्या तट्टाची आई कोण, बाप कोण, हे मालकाला तोंडपाठ असतं. पण ती माहिती त्याच्याबरोबरच फिरते आणि विक्रीच्या वेळी तिला मोल मिळत नाही. गावोगावच्या वाड्यांवर जाऊन मापं घेणं, खुणा चितारणं, डीएनएसाठी केस गोळा करणं, चिप बसवणं, नोंद ठेवणं: पुण्यातलं स्टड बुक कार्यालय जे काम थरोब्रेडसाठी करतं, तेच भीमथडीसाठी लागणार आहे. पशुवैद्यक पदविका झालेल्या आणि वाड्यावर ओळख असलेल्या मुलाइतकं योग्य माणूस त्याला दुसरं मिळणार नाही.

थरोब्रेडला बंद असलेली तंत्रं इथे खुली आहेत. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर केंद्रात 2023 मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून राज-प्रथमा हे मारवाडी शिंगरू जन्मलं. देशी जातीत कृत्रिम रेतनालाही आडकाठी नाही.

पैशाचं काय? केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, संयुक्त दायित्व गट यांना उद्योग उभा करण्यासाठी 50 टक्के भांडवली अनुदान, कमाल 50 लाख रुपये. घोडा, गाढव आणि उंट यांच्या रेतन केंद्रासाठी आणि पैदास केंद्रासाठी केंद्राकडून 10 कोटींपर्यंत मदतीची वेगळी तरतूद आहे. अर्ज अभियानाच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा. प्रकल्प अहवाल, जागेचे कागद आणि बँकेचं कर्ज किंवा स्वतःच्या हिश्श्याचा पुरावा लागतो. अनुदान खर्चाच्या निम्मंच असतं. उरलेला निम्मा खर्च आणि तीन वर्षं शिंगरं वाढेपर्यंतचा चारा अर्जदाराचा. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विस्तार अधिकाऱ्याकडे याची माहिती मिळते.